घर बांधायला काढलेल्या मंडळींना: हजेरीच्या वहीत तुमचीही सही हवी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सध्या घर बांधत असलेल्या, आणि येत्या पाडव्याला पाया खणायचा बेत असलेल्या सर्वांना, सप्रेम नमस्कार.

मी बांधकामावर हजेरी लिहितो. इंजिनिअर नाही, कंत्राटदारही नाही. सकाळी कोण आलं, जेवणानंतर कोण निघून गेलं, कुणी किती उचल घेतली हे वहीत मांडायचं आणि पगाराच्या दिवशी हिशेब काढायचा, एवढंच माझं काम. हे पत्र कामगार मंत्र्यांना लिही, असं मला काही जणांनी सुचवलं होतं. मंत्र्यांना लिहिणारे पुष्कळ आहेत. हिवाळी अधिवेशन आलं की सुवर्णसौधच्या, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीच्या, रस्त्यावर निवेदनं घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांची रांग दरवर्षी दिसते. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण मजुराचा पगार अडकायची सुरुवात बहुतेक वेळा तुमच्यापासून होते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

घर बांधताना तुम्ही चार ठिकाणी चौकशी करून एक कंत्राटदार धरता. कुणी सगळंच सोपवतं, पण बरेच जण सिमेंट, सळी, वाळू स्वतः आणतात आणि मजुरी तेवढी चौरस फुटाच्या दराने अंगावर देतात. मग स्टॅम्प पेपरवर टप्पे लिहिले जातात. जोतं झालं की इतके, लिंटलला इतके, स्लॅबला इतके, गिलावा झाल्यावर इतके, आणि उरलेले किल्ली हातात आल्यावर. कागद झाला की तुमचा जीव भांड्यात पडतो. आता माणसं कोण आणायची, त्यांना काय द्यायचं, ते कंत्राटदार बघेल.

गोची अशी आहे की तुमचे पैसे टप्प्याने येतात आणि गवंड्याच्या घरात पीठ आठवड्याने लागतं. स्लॅब एका दिवसात पडतो. मिक्सर येतो, वीस-पंचवीस माणसं लागतात, संध्याकाळी तुम्ही खुशीत त्यांना मटणाचं जेवण घालता आणि कंत्राटदाराला मोठा हप्ता देता. पुढे गिलावा सुरू होतो. आतला, बाहेरचा, परांची बांधा, सोडा, पुन्हा बांधा, भिंतींना पाणी मारा. सगळ्यात जास्त हजेऱ्या या दिवसांत पडतात, आणि नेमका या दिवसांत हप्ता नसतो. मग कंत्राटदार दुसऱ्या साइटच्या स्लॅबचे पैसे तुमच्या गिलाव्याला फिरवतो. तिकडच्या मालकाने हप्ता लांबवला की तुमच्याकडची माणसं खर्चीवर येतात.

खर्ची म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. खर्ची म्हणजे पगार नव्हे. बाजारापुरते, एसटीपुरते हातावर टेकवलेले पैसे. राहिलेले वहीत मागे राहतात. 'देतो की, पळून जातोय काय?' हे वाक्य मी पगाराच्या दिवशी इतक्या वेळा ऐकलं आहे की माणूस तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. कंत्राटदार सगळेच लबाड असतात असंही नाही. काही जण बायकोचं सोनं गहाण ठेवून खर्ची वाटतात, हेही मी पाहिलं आहे. पण दोन आठवड्यांच्या हजेरीचे पैसे हातात ठेवले की माणूस दुसऱ्या साइटवर जात नाही, हे गणित चांगल्या-वाईट सगळ्याच कंत्राटदारांना पाठ आहे.

आणि रागावू नका, पण हे गणित तुम्हालाही पाठ आहे. 'शेवटचे थोडे पैसे हातात ठेवायचे, म्हणजे काम नीट करून देतो,' हा सल्ला घर बांधणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या मेव्हण्याने दिलेला असतो. तुम्ही कंत्राटदाराचे पैसे धरून ठेवता, तो गवंड्याचे धरतो, गवंडी बिगाऱ्याचे. बाथरूमच्या एका फरशीवरून किंवा गच्चीच्या उतारावरून तुमचं आणि कंत्राटदाराचं वाजलं की शेवटचा हप्ता राहतो तो राहतोच. ज्या बाईने त्या गच्चीवर घमेली वाहिली तिचा उताराशी काय संबंध होता?

अशाच एका वास्तुशांतीचं सांगतो. घर कुणाचं, कंत्राटदार कोण, ते इथे महत्त्वाचं नाही. मांडव होता, पंगत होती. रीतीप्रमाणे मालकांनी गवंड्याला आणि सुताराला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली. खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून कामाला येणारी एक बाईही आली होती. गिलाव्याच्या शेवटच्या हजेऱ्यांचे पैसे यायचे होते, आणि कंत्राटदाराचा फोन लागत नव्हता. मालकीणबाई भल्या होत्या. 'जेवल्याशिवाय जायचं नाही हां मावशी,' म्हणाल्या. ओटी भरली, ब्लाउज पीस दिला. मावशींनी पदरात ते घेतलं आणि खालच्या आवाजात पैशांचं काढलं. मालक म्हणाले, 'आम्ही कंत्राटदाराला सगळं चुकतं केलंय मावशी, तुम्ही त्याच्याकडनं घ्या.' ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्याकडे पावती होती. कंत्राटदाराचं म्हणणं होतं की मालकांनी जादा कामाचे पैसे दिलेच नाहीत. वही माझ्याकडे होती. ती काढून बघितली तर त्या आठवड्यांच्या ओळीत लिहिलेलं होतं: 'बाई – ३'.

नाव नाही, गाव नाही. बाई, तीन. आमच्याकडे वह्या अशाच लिहितात. गवंड्याचं नाव असतं, बिगारी गडी असेल तर निदान 'मारुती', 'परशा' एवढं तरी असतं, आणि बायका आकड्यात असतात. त्या तिघींपैकी ही एक होती हे कागदावर कुणाला सिद्ध करता येणार? दर तर वेगळा आहेच. बिगारी गडी आणि बाई दोघंही तीच वाळू, तेच घमेलं, त्याच जिन्याने वर नेतात, तरी बाईची हजेरी, म्हणजे दिवसाचा रोज, कमी धरतात. १९७६ चा समान वेतनाचा कायदा होता, आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही तेच लिहिलं आहे की सारख्या कामाला स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. साइटवर हे सांगितलं की लोक हसतात.

आता इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण तुमच्या सहीची गरज इथे लागते.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली दोन कायदे झाले. एक कामगारांच्या कामाच्या अटींचा आणि कल्याणाचा, दुसरा उपकराचा, ज्याला सगळे सेस म्हणतात. बांधकामाच्या खर्चावर, जागेची किंमत सोडून, एक टक्का सेस घ्यायचा आणि तो राज्याच्या कल्याण मंडळाकडे जमा करायचा. कर्नाटकातही असं मंडळ आहे. आतापर्यंत तुम्ही महापालिकेकडे किंवा पंचायतीकडे परवानगीला जायचात तेव्हा इतर शुल्कांच्या यादीत हा सेस असायचा, आणि कपाळाला आठ्या घालून तुम्ही तो भरायचात. चाळीस लाखांच्या बांधकामाला चाळीस हजार. हे पैसे मजुरांसाठी आहेत एवढं तुम्हाला माहीत असतं. म्हणून अनेकांना वाटतं, आपल्या साइटवरच्या लोकांचं झालं काहीतरी.

झालं नाही. पैसे इमारतीवरून गोळा होतात आणि माणसाला मिळतात ते मंडळाच्या नोंदणी कार्डावर. तुमच्या सेसच्या पावतीवर तुमच्या घरात राबलेल्या एकाचंही नाव नसतं. कार्ड मिळवायला वय १८ ते ६० हवं आणि मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. पेन्शन, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, लग्न, अपघात, या सगळ्या मदतीची वाट त्या ९० दिवसांवरून जाते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की निम्मी माणसं रोप लावणीला गावाकडे जातात. उरलेल्या महिन्यांत एकेक जण चार-पाच साइट फिरतो. ९० दिवस काम सगळ्यांनीच केलेलं असतं, पण ते लिहून द्यायला कुणी तयार नसतं. कंत्राटदार म्हणतो, उद्या हाच कागद घेऊन माझ्यावर केस करशील. मालक म्हणतात, आमचा काय संबंध, आम्ही अंगावर दिलंय.

मग मजूर एजंट शोधतो. एजंटाकडे दाखला तयार असतो, शिक्का तयार असतो, फक्त पैसे द्यायचे. त्याच एजंटाकडून ज्यांनी आयुष्यात थापी हातात धरली नाही त्यांनीही कार्डं काढली, हे तुम्हाला माहीत आहे, कदाचित तुमच्या गल्लीतलंच एखादं उदाहरण डोळ्यांसमोर आलं असेल. बोगस कार्डं शोधायची मोहीम निघाली, तपासणी कडक झाली, आणि हाताला घट्टे पडलेल्या माणसालाच 'पुरावा दाखव' असं ऐकावं लागलं. त्याने तरी कुठून दाखवायचा, त्याचा पुरावा तर कुणाच्या तरी घराच्या भिंतीत गिलावा होऊन बसला आहे.

मंडळाच्या कारभारावरही बोलायला खूप आहे. देशभरात या निधीचं काय चाललं होतं, ते सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनची खरेदी निघाली, आणि २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरकारांना चांगलंच सुनावलं. आपल्याकडे २०२३ मध्ये मजुरांच्या मुलांच्या शैक्षणिक मदतीच्या रकमा कापल्या गेल्या आणि ते भांडण उच्च न्यायालयात गेलं. ती लढाई संघटना लढत आहेत, लढू देत. तुमच्या हातात आहे ती गोष्ट लहान आहे: तुमच्या घरावर कोण किती दिवस राबलं हे लिहून ठेवणं आणि मागेल त्याला सही करून देणं.

'सही केली तर आम्ही अडकू' ही भीती मला समजते. पण त्या कागदात तुम्ही काय लिहून देता? अमुक माणसाने माझ्या बांधकामावर या तारखेपासून या तारखेपर्यंत काम केलं, इतकंच. त्याने तो तुमचा कायमचा नोकर होत नाही. खरं आहे तेवढंच लिहा, वीस दिवस असतील तर वीसच लिहा. चार मालकांच्या अशा चार खऱ्या चिठ्ठ्या जमल्या तर त्याला एजंटाच्या दारात जावं लागणार नाही.

सीमेवरच्या आपल्या भागात याला आणखी एक पीळ आहे. शिनोळी, तुडये अशा चंदगड तालुक्यातल्या गावांतून माणसं सकाळी बेळगावात कामाला येतात. आधार महाराष्ट्राचं, घाम कर्नाटकात. कणकुंबी-जांबोटीचा गवंडी चोर्ला घाट उतरून गोव्यात काम करतो. त्याचं आधार कर्नाटकाचं आणि हजेरी गोव्याची. तीन राज्यांची तीन मंडळं, आणि हा प्रत्येक ठिकाणी पाहुणा. दुसऱ्या राज्यात कामाला गेलेल्या बांधकाम मजुराचे लाभ त्याच्याबरोबर जावेत अशी तरतूद नव्या कामगार संहितांत आहे, पण लाभ बरोबर न्यायला आधी दिवसांचा हिशेब हवा, आणि तो देणारा पुन्हा तिथला मालकच. त्यात इथले अर्ज कन्नडमध्ये. आमच्यातल्या कित्येकांना सही कुठे करायची एवढंच कळतं. ई-श्रमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या नोंदणीचं, कार्ड आणि मंडळाचं कार्ड एकच, असं समजून निर्धास्त बसलेलेही मला भेटतात. ती दोन वेगळी कार्डं आहेत, हे तुमच्या साइटवर कुणाला ठाऊक नसेल तर तेवढं तरी सांगा. भाषेच्या प्रश्नावर मी इथे लांबण लावत नाही. माझ्या वहीत मराठी, कन्नड आणि लमाणी बोलणारे शेजारशेजारी असतात आणि खर्ची सगळ्यांची एकाच दिवशी चुकते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चे कायदे त्यांत विरले. वेतन संहिता सांगते की रोजावरच्या माणसाला दिवस संपताना, आठवड्यावरच्याला सुट्टीच्या आधी, आणि कामावरून कमी केलेल्याला दोन कामाच्या दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. राहिलेल्या पैशांसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. ऐकायला उत्तम. पण दावा करायला वहीत नाव लागतं, 'बाई – ३' ला दावा करता येत नाही.

याच बदलात एक गोष्ट अशी झाली, जिचा तुम्हाला आनंद आणि आम्हाला घोर आहे. स्वतःला राहण्यासाठी बांधलेल्या घराला सेसमधून सूट होती ती दहा लाखांच्या खर्चापर्यंत. आता ती मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. अनगोळ, वडगाव, कंग्राळी, येळ्ळूर, हिंडलगा इथे तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर उभी राहणारी किती घरं पन्नास लाखांच्या आत बसतात, हे तुम्हीच मोजा. मी ज्या घरांवर हजेरी लिहितो त्यांतली बरीचशी बसतात. म्हणजे या घरांतून मंडळाकडे आता रुपयाही जाणार नाही. उद्या एखाद्या साहेबाने अशा घरांवरचे दिवस ९० मध्ये धरायचेच नाहीत असा अर्थ काढला, तर आम्हाला रस्त्यावर यावं लागेल. आणि तेव्हाही विचारतील, दिवस दाखवा.

तुमचे चाळीस हजार वाचले, मग त्याच्या बदल्यात थोडा वेळ तरी मजुरांच्या नावावर खर्च करा.

कागद करताना टप्पे लिहिता, त्याखाली एक ओळ वाढवा: कामगारांचा पगार दर आठवड्याला पूर्ण द्यायचा आणि मालकाला हजेरीची वही दाखवायची. गिलाव्याच्या टप्प्याचे तुकडे करा आणि दर आठवड्याला थोडे थोडे सोडा. कंत्राटदारालाही ते सोयीचं पडतं, त्याला तिकडचे पैसे इकडे फिरवावे लागत नाहीत. शेवटची रक्कम धरून ठेवायचीच असेल तर कंत्राटदाराच्या नफ्यातली धरा. मजुरीचे सगळे पैसे चुकते झालेत का हे वहीत बघा आणि मगच फरशीवरून भांडा, मनसोक्त भांडा. कंत्राटदार तयार असेल तर मजुरी त्याच्या हिशेबात धरून परस्पर मजुरांच्या फोनवर पाठवा. हल्ली चहाच्या टपरीवरही स्कॅन करून पैसे देता, आमच्या बिगाऱ्यांकडेही फोन आहेत. फोनवर आलेल्या पैशाला तारीख असते, आणि ती तारीख कुणाला खोडता येत नाही. बायकांचे पैसे मात्र नवऱ्याच्या नंबरवर पाठवू नका. का ते मी सांगायला नको.

कंत्राटदार मंडळींनी हे वाचलं तर त्यांचा माझ्यावर राग होईल. होऊ दे. तुमच्यातल्याच एकाने मला मागे म्हटलं होतं, 'मालकाला वही दाखवली तर माझा दर त्याला कळेल.' कळू दे की. दर इतका कमी असेल की दाखवायची लाज वाटावी, तर वाढवा.

वही कुठून आणायची हा प्रश्न नको. छापील हजेरी वही कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. नसली तरी शाळेची दोनशे पानी चालेल, आडव्या रेघा मारून घ्या. तारीख, पूर्ण नाव, गाव, काम, ठरलेली हजेरी, दिलेली खर्ची, राहिलेली बाकी, आणि शेवटी सही किंवा अंगठा. बायकांची नावंसुद्धा, नवऱ्याच्या नावाने नको, त्यांच्या स्वतःच्या. आठवडा संपला की खाली कंत्राटदाराची सही आणि शेजारी तुमची. दर पानाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा, म्हणजे वही सिमेंटच्या पोत्याखाली गेली आणि सापडली नाही तरी अडणार नाही.

तुम्ही साइटवर रोज येताच. विटा मोजता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजता, सळीच्या तुकड्यांवर लक्ष ठेवता. येत्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला या आणि वही मागा. कंत्राटदार का-कू करेल, तरी मागा. मी काढून देईन.

आपला,
बांधकामावर हजेरी लिहिणारा एक
बेळगाव